आयसीयूतली पाणसळ

मी पाणसळ बोलतेय, आणि आज जरा आवाज चढवूनच बोलणार आहे. गवंडी भिंतीला आणि फरशीला लावून बघतो ना, ती दोन फुटी पट्टी, तीच मी. पोटात काचेची नळी, नळीत हिरवट पाणी, पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा दोन काळ्या रेघांच्या मधोमध थांबला तर जागा सपाट, नाहीतर वाकडी. एवढंच मला कळतं. पण जे कळतं ते पक्कं कळतं, आणि समोरच्याचं तोंड बघून मी ते कधी बदललेलं नाही.

सध्या माझ्या गळ्यात एक पिवळी चिठ्ठी लटकते आहे. तिच्यावर टाइप केलंय: 'वैद्यकीय उपकरण नाही. वापरू नये.' पहिलं वाक्य मला मान्य आहे. दुसऱ्याबद्दल मला बोलायचंय.

माझा जन्म एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर झाला. तिथे एक चष्मेवाला माणूस दिवसभर आमच्या नळ्या तपासायचा. दहातल्या तीन तो बाजूला टाकायचा. मला त्याने दोनदा उलटीसुलटी करून पाहिलं, हुं म्हणाला आणि पुढे ढकललं. आयुष्यात मिळालेलं ते पहिलं आणि बराच काळ एकमेव कौतुक.

दुकानातून मला एका गवंड्याने उचललं. तो उंच होता, कमी बोलायचा आणि कानामागे कायम पेन्सिल खोचलेली असायची. त्याच्याबरोबर मी एकवीस वर्षं काढली. शाळेच्या भिंती, दवाखान्याच्या पायऱ्या, न्हाणीघरांच्या फरशा, काय काय म्हणून सांगू! न्हाणीघराला मात्र मुद्दाम उतार द्यावा लागतो. तिथे बुडबुडा किती सरकला की पाणी मोरीकडे धावेल, हे त्याला तोंडपाठ होतं. घरमालक यायचे, डोळे बारीक करून बघायचे आणि म्हणायचे, "सरळ वाटतंय की!" तो मला भिंतीवर टेकवायचा. बुडबुडा बाजूला पळाला की वरचे तीन थर उतरवायचा. मालक चिडायचे, मजूर कुरकुरायचे, पण तो कुणाला भीक घालायचा नाही. माणसांना स्वतःच्या डोळ्यांवर फार विश्वास असतो, हे मी तेव्हापासून बघत आलेय.

त्याची मुलगी दुपारी डबा घेऊन यायची. त्याने हात धुवून जेवायला बसेपर्यंत ती मला घेऊन सगळीकडे फिरायची. विटांचा ढीग, सिमेंटची पाटी, झोपलेल्या कुत्र्याची पाठ, सगळ्यांवर मला ठेवून बघायची. पुढे ती नर्स झाली. बापाचे गुडघे गेले आणि मी माळ्यावर गेले. माळ्यावर साडेतीन वर्षं. तुटक्या पंख्याच्या शेजारी, वर धूळ. त्या दिवसांबद्दल काही सांगण्यासारखं नाही.

मग एके दिवशी त्या मुलीने मला खाली काढलं. तोवर तिला सगळे 'सिस्टर' म्हणू लागले होते आणि ती मोठ्या इस्पितळाच्या अतिदक्षता विभागातल्या नर्सांची प्रमुख झाली होती. तिने मला साबणाने घासलं, स्पिरिटने पुसलं, पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं आणि पिशवीत घातलं.

"अगं, तिथे काय भिंती बांधायच्यात का?" बाप म्हणाला.

"भिंती नाहीत बाबा, पण तिकडे सगळे डोळ्यांनीच लेव्हल लावतायत. एक डोळा मिटून! तीन जण असले की तीन उत्तरं येतात."

बापाने एवढंच विचारलं, "चुकलं तर काय होतं?"

"माणूस पायाने अधू होतो," ती म्हणाली. त्यावर त्याने स्वतःच पिशवी उचलून तिच्या हातात दिली.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर माझी तक्रार तुम्हाला कळायची नाही. हृदयातून एक मोठी रक्तवाहिनी निघते आणि पाठीच्या कण्याला लागून पोटापर्यंत उतरते. तिला महाधमनी म्हणतात. काही माणसांची ही महाधमनी फुग्यासारखी फुगत जाते. फुटली तर खेळ खलास. म्हणून डॉक्टर छाती-पोट उघडून फुगलेला भाग काढतात आणि तिथे कापडी नळी शिवतात. पण त्याच फुगलेल्या भागातून बारीक बारीक फांद्या पाठीकडे गेलेल्या असतात. कण्याच्या आत जो मज्जारज्जू असतो, ज्याच्या जिवावर आपले पाय हलतात, त्याला रक्त पुरवणाऱ्या या फांद्या. ऑपरेशनमध्ये यातल्या दोन-चार परत जोडता येतात, बाकीच्या बांधून टाकाव्या लागतात. नंतरचे काही दिवस मज्जारज्जू उधारीवरच्या रक्तावर जगतो.

त्यातून मज्जारज्जूभोवती पाणी असतं. ऑपरेशननंतर त्या पाण्याचा दाब वाढतो. नळाला पाणी आधीच कमी आणि त्यात पाइपवर कुणी पाय दिलेला, तशी गत होते. म्हणून कमरेतून एक केसासारखी नळी घालून ते पाणी थेंब थेंब बाहेर काढतात. फार काढलं तर डोक्यात रक्तस्राव होतो, कमी काढलं तर पाय जातात. किती निघणार हे ठरतं बाहेरच्या बाटलीच्या उंचीवर. बाटली आणि दाब मोजणारं यंत्र एका उभ्या स्टँडवर असतं. त्या स्टँडवरची शून्याची रेघ रोग्याच्या हृदयाच्या बरोबर समोर हवी. बोटभर नाही, केसभर फरक चालतो, असं सिस्टर म्हणायची.

तर माझं एक टोक रोग्याच्या छातीच्या कडेला पेनाने काढलेल्या खुणेवर, दुसरं स्टँडच्या शून्यावर. बुडबुडा मध्ये आला की सिस्टर स्टँडचा स्क्रू आवळायची. पहिल्या दिवशी भूल देणाऱ्या मॅडम पोट धरून हसल्या. "सिस्टर, आता थापी आणि ओळंबा पण आणा!" दुसऱ्या आठवड्यात त्याच मॅडम दारातून ओरडायला लागल्या, "माझी पाणसळ कुठेय?" माझी! बघा हं, किती लवकर.

सहा वर्षं मी तिथे राबले. हृदयाच्या रेषेत राहायचं काम भिंतीपेक्षा अवघड असतं, कारण भिंत हलत नाही. माणूस खोकतो, कुशीवर वळतो, कुणी उशी देतं, कुणी पलंग वरखाली करतं. दर तासाला मला उचलायचं, असा सिस्टरचा नियम होता. त्या सहा वर्षांत माझ्यासमोर किती जण चालत घरी गेले ते मी मोजलं नाही. जे नाही जाऊ शकले तेही मला आठवतात. सगळं काही बुडबुड्याच्या हातात नसतं.

मग इस्पितळात सामानाच्या खात्यावर नवे साहेब आले. आम्ही त्यांना आपले सामानसाहेबच म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, हेही सांगून टाकते. कामसू, वेळेवर येणारा, शर्टाला कडक इस्त्री. पण मला बघून त्यांच्या कपाळाला जी आठी पडली, ती काही गेली नाही.

"सिस्टर, हे काय? उद्या तपासणीला लोक आले तर काय सांगू? आमच्याकडे हृदयाचं ऑपरेशन गवंड्याच्या सामानाने होतं?"

"ऑपरेशन नाही साहेब, फक्त उंची बघतो."

"उंची बघायला लेझर मागवलाय. आजपासून हे बंद."

लेझर आला. देखणा होता, नाकारत नाही. बटण दाबलं की लाल ठिपका पडायचा, अगदी बरोबर. तो खोटारडा नव्हता, पण त्याचं बटण कुणीतरी दाबावं लागायचं. आणि पडद्यावर दाबाचा आकडा छान हिरवा दिसत असताना बटण दाबायला कुणाला आठवणार? मला निदान हातात घ्यावं लागायचं. माझ्यासाठी वाकून रोग्याजवळ जावं लागायचं.

माझ्या गळ्यात पिवळी चिठ्ठी आली. "आज पाठवते, उद्या पाठवते," करत सिस्टरने मला चादरींच्या कपाटाशेजारच्या हुकाला अडकवून ठेवलं. तिथून मला तीन नंबरचा पलंग सरळ दिसायचा.

त्या पलंगावर आली कंडक्टरबाई. बसमध्ये सत्तावीस वर्षं उभ्याने तिकिटं फाडलेली. आवाज असा की शुद्धीवर आल्या आल्या पहिल्यांदा म्हणाली, "एवढी गर्दी कशाला? पुढे सरका, पुढे सरका." तिचं ऑपरेशन नऊ तास चाललं होतं. मोठ्या डॉक्टरांनी पाठीच्या दोन फांद्या परत जोडल्या, पाच बांधल्या, असं मॅडम सिस्टरला सांगताना मी ऐकलं. "दोन दिवस जपा हिला. आज पाय हलतायत म्हणजे उद्या हलतीलच असं नाही."

बाईला तेवढी एकच काळजी होती. फुग्याची नाही, टाक्यांची नाही. दर तासाला कुणी "पाय हलवा" म्हटलं की ती दोन्ही पाय हलवायची आणि विचारायची, "मला परत गाडीवर उभं राहता येईल ना? बसून मला काही जमत नाही हो. मी सत्तावीस वर्षांत गाडीत बसलेली नाही."

तिचा नवरा न्हावी. ठेंगणा, मऊ बोलणारा, बोटं सतत हलती. बायकोपुढे त्याचं काही चालायचं नाही आणि त्यात तो खूष असायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला भेटायची वेळ झाली आणि तो खिशात कंगवा घेऊनच आला.

"केसांचं काय झालंय तुझ्या," तो म्हणाला. "घरटं झालंय नुसतं."

"मग बघत काय बसलात? विंचरा. पण ओढू नका."

आणि इथे ते घडलं. त्याच्या दुकानातली खुर्ची पायाच्या पेडलवर वरखाली होते. तीस वर्षं तो गिऱ्हाईक आलं की पायाने पेडल दाबतो, खुर्ची आपल्या हाताला येईल एवढी खाली घेतो आणि मग कंगवा उचलतो. पलंगाच्या खालीही पेडल होतं. त्याचा पाय त्याला न विचारता तिथे गेला. एकदा, दोनदा, तीनदा. पलंग आवाज न करता वीतभर खाली बसला. स्टँड मात्र होता तिथेच उभा राहिला.

मी बघत होते. हुकाला लटकलेली मी, काय करणार? ओरडता येत असतं तर सगळं इस्पितळ गोळा केलं असतं.

पलंग खाली गेला म्हणजे बाटली बाईच्या मानाने वर गेली. पाणी वर चढेना. थेंब थांबले. आणि दाब मोजणारं यंत्रही बाटलीबरोबर वर राहिलं, त्यामुळे पडद्यावर खरा दाब दिसेना. खरा वाढत चालला होता, दिसत होता नऊ. हिरवा, गोंडस नऊ.

तो सावकाश विंचरत होता. गुंता हातात धरून, मुळाशी ओढ बसू न देता. तिने डोळे मिटले होते. त्याने एक सैलसर वेणी घातली आणि रबर लावला. पावणेपाच वाजले असतील.

"अहो," ती म्हणाली, "पायांवरचं ते पांघरूण काढा ना. फार जड झालंय."

त्याने पायाकडे पाहिलं. "पांघरूण नाहीये गं पायावर."

मग त्याने सिस्टरला हाक मारली. एवढ्या मोठ्याने तो आयुष्यात बोलला नसेल.

ड्यूटीवरचे डॉक्टर धावत आले. "पाय उचला." डावा उचललाच गेला नाही. उजव्याच्या स्नायूंत नुसतं काहीतरी थरथरलं. बाईचा आवाज गेला. जी बाई दोन मजली बस शांत करायची, ती पुटपुटत होती, "हलतोय ना? हलतोय ना हो?"

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं. "रक्तदाब थोडा कमी झालाय, तो वाढवतो. पाण्याचा दाब छान आहे, नऊ. म्हणजे पाण्याचा प्रश्न नाही. रक्तवाहिनीतच काहीतरी अडकलं असणार. स्कॅनला न्यायची तयारी करा."

"डॉक्टर, थेंब पडत नाहीयेत," सिस्टर म्हणाली.

"दाब कमी आहे म्हणून पडत नाहीत."

किती सरळ उत्तर! ऐकताना पटतंच. स्कॅनला न्यायचं म्हणजे तास-दीड तास, आणि मज्जारज्जूला तेवढा वेळ परवडत नाही.

सिस्टर पलंगाजवळ गेली आणि थबकली. कठड्यावर हात ठेवून म्हणाली, "हा कठडा रोज माझ्या कमरेला लागतो. आज मांडीला लागतोय."

ती वळली. लेझर कुठे ठेवलाय हे तिला शोधावं लागलं असतं. मी समोर होते. पिवळ्या चिठ्ठीसकट तिने मला हुकावरून ओढलं, एक टोक बाईच्या छातीवरच्या खुणेला टेकवलं, दुसरं स्टँडच्या शून्याकडे नेलं. माझा बुडबुडा सुटला तो थेट दुसऱ्या टोकाला जाऊन आपटला. रेघांच्या जवळपासही नाही. त्याच्याहून स्पष्ट मला बोलता येत नाही.

"बघा," सिस्टर म्हणाली.

डॉक्टरांनी बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, पण त्यांनी एक शब्दही वाद घातला नाही, हे त्यांचं मोठेपण. "स्टँड खाली घ्या. हळू." सिस्टरने स्क्रू सैल केला आणि बुडबुडा मध्ये येईपर्यंत स्टँड उतरवला. पडद्यावरचा नऊ बघता बघता वीस झाला. पहिला थेंब पडला. मग दुसरा. तिने नळीची चावी अर्धीच फिरवून धरली, कारण घाईने सोडलं तर दुसरंच संकट. भूलवाल्या मॅडम आल्या, रक्तदाब चढवायचं औषध वाढवलं, घड्याळाकडे बघत थेंब मोजू लागल्या.

"पलंग कुणी खाली केला?" त्यांनी विचारलं.

न्हाव्याने स्वतःच्या पायाकडे पाहिलं. त्याच्या हातातला कंगवा खाली पडला. "मी. सवयीने. पायाने. मला कळलंच नाही..." तो भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "मी केलं हो हे. मी तिचे पाय..."

"उठा," सिस्टर म्हणाली. "पेडलला कुलूप असतं. ते आम्ही लावलेलं नव्हतं. आणि तासाला उंची तपासायची असते, ती आज सकाळपासून तपासली नव्हती. चूक आमची आहे, तुमची नाही."

"त्यांना काही बोलू नका," पलंगावरून आवाज आला. बारीक, पण तिचाच. "वेणी छान घातलीय त्यांनी."

चाळीस मिनिटं गेली. मी बाईच्या छातीशी आडवी पडून होते, कारण सिस्टर मला उचलायलाच तयार नव्हती. मग मॅडमनी पुन्हा म्हटलं, "हलवा बघू." उजव्या पायाचा अंगठा वाकला. नीट वाकला. न्हावी पुढे धावला आणि तो अंगठा मुठीत धरून बसला. डावा पाय दुसऱ्या दिवशी सकाळी आला, तोही कुरकुरत. अजून तो थोडा मागेच राहतो.

सिस्टरने घडलं तसं सगळं लिहून दिलं. स्वतःच्या चुकीसकट. त्याचं फळ असं की दुसऱ्या आठवड्यात सामानसाहेबांचा माणूस आला आणि मला घेऊन गेला. 'बंदी असताना वापर झाला.' सामानसाहेबांच्या टेबलावर, भंगाराच्या यादीवर वजन म्हणून मी पडून राहिले. म्हणजे ज्या कागदावर माझं मरण लिहिलेलं, तो उडू नये म्हणून मलाच त्याच्यावर ठेवलेलं. यावर हसावं की रडावं ते तुम्हीच ठरवा.

काल सकाळी त्या खोलीचं दार ढकलून कंडक्टरबाई आत आली. वॉकर धरून. मागे नवरा, हात पुढे करून, जणू ती काचेची आहे.

"या, या. बसा ना बाई," सामानसाहेब अर्धवट उठत म्हणाले.

"बसायला नाही आले."

"अहो, पण तुमचे पाय..."

"पायांचंच बोलायचंय. ही पट्टी भंगारात टाकताय म्हणे?"

साहेबांनी घसा साफ केला. नियम, तपासणी, प्रमाणित उपकरण, सगळं सांगितलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. बाई ऐकत राहिली. मग तिने वॉकर बाजूला सरकवला.

नवरा झटकन पुढे आला. "हात काढा," ती म्हणाली. त्याने हात काढला.

ती उभी होती. टेबलाला न टेकता, कशाला न धरता. डावा गुडघा थरथरत होता, वरच्या ओठावर घाम आला होता. साहेब एकदा तिच्या तोंडाकडे बघत होते, एकदा गुडघ्याकडे. तिने काही मागितलं नाही, विनवलं नाही, उभी राहिली फक्त. बसमध्ये ब्रेक लागल्यावर उभी राहत असेल तशीच.

साहेबांनी मला उचललं. काय करावं ते न सुचून त्यांनी मला टेबलावर आडवं ठेवलं आणि वाकून बघितलं. बुडबुडा डावीकडे गेला. "टेबल वाकडं आहे की काय?" ते पुटपुटले. आहेच. पहिल्या दिवसापासून आहे. तुम्ही विचारलं नाहीत साहेब, म्हणून मी बोलले नाही.

त्यांनी यादीतली एक ओळ खोडली. पिवळी चिठ्ठी मात्र काढली नाही. ती काढायला वरून परवानगी लागते म्हणाले. मग मला बाईच्या हातात दिलं, आणि बाईने मला वॉकरला आडवं बांधून, पाय ओढत, सिस्टरपर्यंत आणून पोचवलं.

तर आता मी पुन्हा हुकावर आहे, गळ्यात चिठ्ठी घेऊन. 'वापरू नये' म्हणते ती. म्हणू दे. तुमचे लेझर आणा, पडदे आणा, माझी हरकत नाही, ते माझ्याहून हुशार असतील. पण पलंग हलला, उशी सरकली, रोग्याने नुसती कूस बदलली, तरी आधी जवळ जा, वाका, उंची बघा. माझ्याने बघा नाहीतर त्यांच्याने. आकडा कितीही हिरवा असला तरी त्याला आधी विचारा, बाबा रे, तू कुठल्या उंचीवरून बोलतोयस? आणि हे विचारायचं विसरणार असाल, तर मला भंगारात टाकण्याआधी कंडक्टरबाईला बोलवा. ती उभी राहील.